परीक्षानळीतला जांभळा रंग आणि घरातली शुगर

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलंय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सारांश देते. त्यांच्या मिस्टरांचं वय ५४, नोकरी अंबडच्या एका कारखान्यात, मधुमेह आठ वर्षांपासूनचा. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड आणि दोन वेळा मेटफॉर्मिन. शेवटचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, ८.४. संक्रांतीपासून ते पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर फिरायला जाऊ लागले आणि फिरण्याआधी एका गाडीवर कारलं-दुधीचा रस घेऊ लागले. एका सकाळी गोळी घेऊन, रस पिऊन चालताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. कसेबसे घरी आले, मशीनवर शुगर ५८. "नुसत्या रसानं एवढी उतरते तर गोळ्या हव्यात कशाला?" म्हणत त्यांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या, त्याला आता तीन आठवडे झाले. त्यातच पुतण्यानं एक शोधनिबंध मोबाईलवर पाठवला. त्यात लिहिलंय की औषधी वनस्पतींमधले अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रेणूंना निष्प्रभ करणारी द्रव्यं, स्वादुपिंडाच्या पेशी दुरुस्त करतात. मग गुळवेल, गुडमार, सप्तरंगी, जांभूळबी घातलेलं २,४०० रुपयांचं चूर्ण आलं, विजयसारच्या लाकडाचा पेला आला, आणि शेजारच्या काकूंनी सदाफुलीची पाच पानं रोज चावायला सांगितली. मुलगी बी.फार्म. करते, तिचं आणि वडिलांचं रोज वाजतं. सासूबाई म्हणतात, "झाडपाल्यानं आजवर कुणाचं वाईट झालंय?" ताई विचारतात : "गोळ्या की वनस्पती, एक काय ते सांगा. मी कुणाचं ऐकू? आणि घरात आलेल्या चूर्णाच्या डब्याचं काय करू?"

ताई,

तुमचं पत्र वाचताना "तीन आठवडे" या शब्दांवर मी थांबले. म्हणून आधी आजचं काम सांगते, बाकीचं मग. उद्या सकाळी उपाशीपोटी आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी अशी दोनदा त्यांची शुगर मोजा आणि आकडे हातात घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा. ५८ चा प्रसंग त्यांच्या कानावर गेलेला दिसत नाही, तो पहिल्यांदा सांगा. कोणती गोळी किती प्रमाणात पुन्हा सुरू करायची ते त्यांनाच ठरवू द्या. मिस्टरांना खूप तहान लागत असेल, रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठावं लागत असेल, पँट कमरेला सैल होत असेल, तर फोनवर भागवू नका, त्याच दिवशी दाखवा. उलट्या, ग्लानी किंवा जोरजोरात श्वास असं काही दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आता त्या सकाळबद्दल. तुमच्या घरातला सगळा गोंधळ तिथून सुरू झालाय.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात घास गेलाय की नाही, याची त्या गोळीला कल्पना नसते. म्हणून ती घेतल्यावर लगेच नाश्ता करायचा असतो. त्या दिवशी मिस्टरांनी गोळी घेतली, पोटात पेलाभर रसाशिवाय काही नव्हतं आणि तशातच ते भरभर चालले. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. कारल्यातही साखर थोडी उतरवणारी द्रव्यं आहेत, त्यांनीही हातभार लावला असेल. गोळी, रिकामं पोट, चालणं आणि रस अशा चार गोष्टी एकदम घडल्या, श्रेय मात्र एकट्या रसाला मिळालं. पुढे तुम्ही घाबरून गोळी बंद होऊ दिलीत, हे मी समजू शकते. ५८ आकडा आणि थरथरणारे हात पाहिल्यावर कुणाचाही जीव हलेल. पण त्या दिवशी कळलेली गोष्ट एवढीच होती की ही गोळी उपाशीपोटी फिरायला नेऊ नये.

शुगर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, अजून खालीच असेल तर पुन्हा द्यायची, आणि सावरल्यावर पोळी-भाजी किंवा दूध-बिस्कीट असं काहीतरी खायला घालायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. फिरायला जाताना खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची पावडर असूच द्या.

रसाचं आणखी एक सांगायचं आहे, आणि ते तुमच्या मिस्टरांसारखा रोज रस घेणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं आहे. दुधी, काकडी, दोडका, कारलं ही सगळी एकाच कुळातली. एखादा दुधी कधीकधी कडू निघतो. तो कडूपणा ज्या द्रव्यांमुळे येतो ती विषारी असतात. दिल्लीत २०१० मध्ये एका मधुमेही शास्त्रज्ञाचा कारलं-दुधीचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा सल्ला साधा होता : रसापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखून बघा, कडू लागला तर तो टाकून द्या, आणि कडू रस चुकून प्यायल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले तर ताबडतोब हॉस्पिटलात जा. गाडीवरच्या मिश्रणात अडचण ही की कारलं मुळातच कडू. त्यात दुधीचा कडूपणा जिभेला कळणार कसा? म्हणून गाडीवरचा रस बंद करा असं मी स्पष्ट सांगते. कारलं आवडत असेल तर त्याची भाजी खा, दुधी असेल तर तो घरी चाखून शिजवा.

आता पुतण्याच्या शोधनिबंधाकडे येते. त्याला दोष देऊ नका, काकांच्या काळजीपोटी शोधाशोध केली त्यानं. मीही औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बरीच वर्षं वनौषधी शिकवल्या, आणि अशा निबंधांत बहुधा असणारी चाचणी माझ्या हाताखालून शेकडो वेळा गेली आहे. डीपीपीएच नावाचं एक रसायन अल्कोहोलमध्ये विरघळवलं की गडद जांभळं द्रावण होतं, अगदी पिकलेल्या जांभळाचा डाग रुमालावर पडावा तसं. त्यात वनस्पतीच्या अर्काचे थेंब टाकले आणि अर्कात अँटिऑक्सिडंट असले, की तो जांभळा रंग बघता बघता ओसरतो आणि द्रावण पिवळं पडतं. किती रंग गेला ते यंत्रावर मोजायचं आणि टक्केवारी लिहायची. मुलांचे चेहरे दरवेळी खुलायचे, माझाही खुलायचा. पण त्याच नळीत कोरा चहा घातला तरी रंग जातो. आवळा, हळद, डाळिंबाची साल, दालचिनी, कशानंही जातो. म्हणून "या वनस्पतीत अँटिऑक्सिडंट आहेत" हे वाक्य बहुतेक वेळा खरंच असतं. त्यावरून तुमच्या मिस्टरांची सकाळची शुगर किती येईल, ते मात्र कळत नाही.

अँटिऑक्सिडंटचा आणि मधुमेहाचा संबंध मात्र खरा आहे, तो पुतण्यानं मनानं जोडलेला नाही. आपल्या प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारी छोटी-छोटी केंद्रं असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. चुलीत प्रमाणात लाकूड असेल तर नीट जळतं, कोंबलं तर धूर होतो. रक्तात साखर सतत जास्त राहिली की काही पेशींत, विशेषतः रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात, मूत्रपिंडात, डोळ्याच्या पडद्यात आणि नसांमध्ये, ती नको इतकी शिरते आणि असाच धूर निघतो : सुपरऑक्साइडसारखे उपद्रवी रेणू. ते भोवतालची प्रथिनं, चरबी, जनुकं यांना इजा करतात. मायकेल ब्राउनली या अमेरिकी संशोधकानं २००१ च्या सुमारास दाखवलं की मधुमेहात होणारी अनेक प्रकारची हानी या एका धुरापाशी येऊन मिळते. इथपर्यंत शोधनिबंध बरोबर आहे. पण धूर पुसत बसायचं की लाकडं कमी करायची, हा खरा प्रश्न आहे. मिस्टरांच्या पेशींत धूर होतोय तो वाढलेल्या साखरेनं. ती ८.४ वरून खाली आणणं हाच त्यावरचा सर्वांत भरवशाचा इलाज आहे, मग ती कशानंही उतरो. तुमच्या स्वयंपाकघरानं, त्यांच्या चालण्यानं आणि त्या गोळ्यांनी. ज्या गोळ्या बंद करून ते अँटिऑक्सिडंट शोधायला निघालेत, त्याच धूर कमी करत होत्या. या उत्तरात मला सर्वांत जास्त हेच तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे.

"मग दोन्ही घेतलं तर आणखी चांगलं नाही का?" हे तुमच्या मनात येईल. माणसांवर हे करून पाहिलंय. ब्रिटनमध्ये २०,५३६ जणांना, त्यात जवळपास सहा हजार मधुमेही होते, पाच वर्षं ई जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन एकत्र देऊन पाहिलं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिखाऊ. २००२ मध्ये निकाल आला. रक्तातलं जीवनसत्त्वांचं प्रमाण चांगलंच वाढलं होतं, पण हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू यांत काही फरक पडला नव्हता. २००९ मध्ये जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. ज्यांना सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या, त्यांच्या शरीरात व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलाच नाही. व्यायामात तयार होणारे थोडेसे उपद्रवी रेणू शरीराला स्वतःची संरक्षक यंत्रणा जागी करायचा निरोप देतात, आणि गोळ्यांनी तो निरोपच पुसला गेला असावा. म्हणजे मिस्टर पहाटे उठून चालतात तेव्हा त्यांच्याच शरीरात अँटिऑक्सिडंट घडत असतात. ते चालणं थांबू देऊ नका, फक्त गोळी, नाश्ता आणि चालणं यांची वेळ डॉक्टरांना विचारून बसवून घ्या. जेवणानंतरचं पंधरा मिनिटांचं चालणंही तितकंच कामाचं.

स्वादुपिंडाच्या पेशी "दुरुस्त" होण्याबद्दल. असे प्रयोग बहुधा उंदरांवर होतात. त्यांना स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन टोचून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात आणि मग वनस्पतीचा अर्क देतात. ५४ वर्षांच्या माणसाला आठ वर्षांत पोटाच्या घेरासोबत आलेला मधुमेह वेगळा असतो. मात्रेचाही हिशोब करून बघा, मुलीला सोबत घेऊन. अशा प्रयोगात मोठ्या उंदराला वजनाच्या दर किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क देणं नेहमीचं आहे. माणसासाठी ती मात्रा साधारण सहानं भागतात. सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला साडेचार ग्रॅमच्या वर अर्क लागेल. वाळलेल्या पाल्यातून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं, तर रोज जवळपास ४५ ग्रॅम पाला. चमचाभर चूर्णाशी त्या निबंधाचा मेळ बसत नाही. आणि खरोखर तेवढं खाल्लं, तर काय होईल याची तपासणी त्या निबंधात नसते.

एवढं वाचून मी झाडपाल्याच्या विरोधात आहे असं वाटेल. माझं सगळं आयुष्य त्यातच गेलंय, ताई. उलट मला वाटतं, सगळ्या वनस्पतींवर "अँटिऑक्सिडंट" असा एकच शिक्का मारला की त्यांचे खरे गुण झाकले जातात. तुम्ही मूठभर मेथ्या रात्री भिजत घाला आणि सकाळी बोटांनी चोळून बघा. बुळबुळीत, तार सुटते. तो चिकटा म्हणजे पाण्यात विरघळणारा तंतू. आतड्यात तो अन्नाभोवती जेलीसारखा पसरतो आणि साखर रक्तात सावकाश सोडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर माणसांमध्ये काम झालेलं आहे, त्यात शुगर उतरलेली दिसली. सप्तरंगीतली द्रव्यं पिष्टाचं साखरेत रूपांतर करणाऱ्या पाचक रसांना अडवतात. गुडमारचं पान चावून मग चिमूटभर साखर तोंडात टाका, वाळू खाल्ल्यासारखी लागते. पानातली द्रव्यं जिभेची गोडाची जाणीव तेवढ्यापुरती घालवतात. वर्गात मी हे दरवर्षी करून दाखवायचे, आणि मुलं साखरेचा डबा पुन्हा पुन्हा मागायची. प्रत्येक वनस्पतीची वाट वेगळी, ताकद वेगळी, धोकाही वेगळा.

मिस्टर ज्याला "केमिकल" म्हणतात त्या मेटफॉर्मिनचं मूळही झाडातच आहे. युरोपात गालेगा नावाची एक जांभळट फुलांची वनस्पती आहे. तिच्यात साखर उतरवणारं द्रव्य सापडलं, पण ते थेट वापरायला फार विषारी होतं. रसायनशास्त्रज्ञांनी त्या घराण्यातला सौम्य भाऊ तयार केला आणि फ्रान्समधल्या झाँ स्टर्न या डॉक्टरनं १९५७ मध्ये तो माणसांमध्ये वापरून दाखवला. हल्ली अनेकांना दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिन ही गोळीसुद्धा सफरचंदाच्या झाडाच्या सालीत १८३५ मध्ये सापडलेल्या द्रव्यावरून घडवली आहे. तुमची मुलगी हे अभ्यासक्रमात शिकली असेल. तिला वडिलांशी वाद घालण्याऐवजी ही गोष्ट सांगायला लावा. गोळी म्हणजे झाडाचाच गुण, मोजून मापून, विष काढून. "गोळ्यांनी किडनी जाते" ही भीती घरोघरी असते म्हणून तेही सांगते : मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर तिची मात्रा कमी करतात किंवा ती थांबवतात, एवढंच. किडनी बिघडते ती वर्षानुवर्षं चढ्या राहिलेल्या साखरेनं आणि रक्तदाबानं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ कमी होऊ शकतं हे मात्र खरं, ते तपासून घ्या.

सासूबाईंना सदाफुलीची गोष्ट जरूर सांगा. त्यांच्या अंगणातलीच आहे. जमैका बेटावर लोक मधुमेहासाठी सदाफुलीच्या पानांचा काढा प्यायचे. १९५२ मध्ये तिथून पंचवीस पानं एका पाकिटातून कॅनडात रॉबर्ट नोबल या संशोधकाकडे पोचली. त्यांनी अर्क करून प्राण्यांना दिला. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या घटल्या की जंतुसंसर्गानं प्राणी दगावले. त्याच पानांतून नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी विन्ब्लास्टिन वेगळं काढलं. त्याचं भावंड विन्क्रिस्टिन आज मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात प्राण वाचवतं, आणि डॉक्टर ते मिलिग्रॅमच्या हिशोबानं, डोळ्यात तेल घालून देतात. ज्या पानात इतकं दारुण औषध आहे ते रोज पाच-पाच चावायचं नाही. शेजारच्या काकूंनी प्रेमापोटी सांगितलं असेल, पण सदाफुली देवाला वाहण्यापुरतीच ठेवा.

गुळवेलीबद्दलही सावध करते. करोनाच्या काळात घरोघर काढे उकळले गेले. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले, आणि २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण मांडले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की खरी गुळवेल निर्धोक आहे, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल लोक तोडून आणतात. वाद कुठेही असो, तुमच्यापुरता अर्थ सारखाच : डब्यातली पूड कोणत्या वेलीची आहे ते तुम्हाला सांगता येणार नाही. थायरॉइड, सांधे किंवा त्वचेचा, शरीर स्वतःवरच उलटण्याचा काही आजार असेल तर गुळवेल नकोच.

विजयसारच्या पेल्याबद्दल मी थोडी मऊ आहे. विजयसार म्हणजे आपला बिबळा. रात्री पाणी भरून ठेवलं की सकाळी तांबूस होतं, उन्हात धरलं तर निळसर झाक मारतं. आयसीएमआरनं यावर काम केलंय. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुकताच मधुमेह निघालेल्या ९७ जणांना बिबळ्याचं औषध दिलं आणि बारा आठवड्यांत ६७ जणांची शुगर आटोक्यात आली. ऐकायला छान आहे. पण ते रुग्ण नवे होते, सौम्य आजाराचे होते, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय त्यांना मोजलेला अर्क मिळत होता, पेल्यातल्या पाण्यात किती उतरतं ते रोज बदलतं. हौस असेल तर डॉक्टरांना सांगून ते पाणी पिऊ द्या. आठ वर्षांच्या मधुमेहाला गोळीच्या जागी ते पुरणार नाही.

ताटातल्या वनस्पतींना मात्र मनापासून हो. गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात पावसाच्या तोंडावर जांभळांच्या पाट्या येतात, मूठभर खुशाल खाऊ द्या. आवळा ताजा, किसून कोशिंबिरीत. मोरावळा झाला की त्यात आवळ्यापेक्षा साखर जास्त, आणि च्यवनप्राशाचंही तेच. मेथीदाणे भिजवून चमचा-दोन चमचे, पण गोळी सुरू असताना मशीनवर नजर ठेवून. हळद नेहमीसारखी फोडणीत. हळदीच्या तेज अर्काच्या कॅप्सूल नकोत, त्यांनी यकृत दुखावल्याच्या नोंदी आहेत. द्राक्षांच्या सालीत अँटिऑक्सिडंट आहेत म्हणून हंगामात घोसच्या घोस खाणारे मधुमेही आपल्या जिल्ह्यात खूप दिसतात. शंभर ग्रॅम द्राक्षांत साधारण सोळा ग्रॅम साखर असते, तेव्हा दहा-बारा मणी पुरे. पेठ-सुरगाण्याची नागली भाकरीला चांगली, पण भाकरीही मोजून. भाकरी दीड, भाजी वाटीभर जास्त, सोबत डाळ किंवा उसळ, असं ताट रोज वाढलं तर कोणत्याही चूर्णापेक्षा जास्त फरक दिसेल.

आता "कुणाचं ऐकू?" तुम्ही "गोळ्या की वनस्पती" असं विचारलंय, पण मला वाटतं मिस्टरांचा प्रश्न निराळा आहे. आठ वर्षं गोळ्या घेऊनही आकडा ८.४, त्यात एक दिवस घाबरवून गेलेला. माणूस थकतो, ताई. त्यांना गोळ्यांतून सुटायचंय, आणि ही इच्छा चुकीची नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली एका चाचणीत, मधुमेह सहा वर्षांच्या आतला असलेल्यांपैकी ४६ टक्के लोक वर्षभरानंतर औषधांशिवाय मधुमेहाच्या आकड्यांखाली होते. ते वैद्यकीय देखरेखीखाली चांगलंच वजन उतरवून साधलं होतं, चूर्णानं नाही. मिस्टरांची वर्षं थोडी जास्त झालीत, तरी वजन पाच-सात किलो उतरलं तर गोळ्या कमी होण्याची आशा आहे. डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा : "यांना शुगर लो होण्याची भीती बसलीय. ग्लिमेपिराइडची मात्रा कमी होईल का, किंवा लो न करणारी दुसरी गोळी बसेल का?" अशा गोळ्या आहेत. आणि वनौषधी घ्यायचीच असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडून, चालू गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवून. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं औषध माहीत असलं पाहिजे. लपवाछपवीत सगळ्यात जास्त नुकसान होतं, हे मी ओळखीच्या घरांत पाहिलंय.

घरातला वाद मिटवायला एक दोनशे पानी वही आणा. डॉक्टरांनी औषध ठरवून दिल्यावर रोज उपाशीपोटीची आणि एका जेवणानंतरची शुगर लिहा. पहिले दोन आठवडे काहीच नवीन नको. मग एक बदल, एकच. भिजवलेली मेथी म्हणा किंवा रात्रीच्या जेवणानंतरचं चालणं म्हणा. पुन्हा दोन आठवडे लिहा. मिस्टर कारखान्यात काम करतात, एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम बघायचा हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं समजेल. वही त्यांच्याच हातात द्या, मुलीच्या नको. आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन व रक्तातलं क्रिएटिनिन, आणि पायांची तपासणी, ही राहिली असेल तर आताच उरकून घ्या.

राहिला तो डबा. त्यावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच, घटकांची यादी आणि मुदत आहे का बघा. नसेल तर एक चमचाही पोटात जाऊ देऊ नका. अशा निनावी पुड्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखी शुगर उतरवणारी गोळीच कुटून मिसळलेली सापडल्याच्या नोंदी आहेत, आणि मग "आयुर्वेदिकनं चार दिवसांत उतरली" असा बोलबाला होतो. सोबत "मधुमेह मुळासकट बरा" असं पत्रक दिलं असेल तर अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे, यावरून विकणाऱ्याचा अंदाज करा. छापील यादी असली तरी ती वैद्यांना दाखवल्याशिवाय सुरू ठेवू नका. डबा फेकू मात्र नका. डॉक्टरांकडे जाताना तो पिशवीत घाला, विजयसारच्या पेल्याचंही सांगा, आणि गुळवेल पोटात गेली आहे म्हणून यकृताची तपासणी करायची का ते विचारा. तोवर डब्यावर आजची तारीख आणि आतापर्यंत किती दिवस, किती चमचे घेतलं ते लिहून चिकटपट्टी लावा आणि तो वरच्या फळीवर ठेवून द्या.